बर्लिनची भिंत आणि भिंतीत अडकलेली वेस

बर्लिनच्या भिंतीचं नाव काढलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक सरळ रेघ येते. शहराच्या मधोमध उभी भिंत, एका हाताला पश्चिम, दुसऱ्या हाताला पूर्व. मीही कित्येक वर्षं असंच धरून चाललो होतो. नकाशा नीट पाहिला तेव्हा कळलं, की हे चित्र अर्धवट आहे. भिंत पश्चिम बर्लिनला वेढा घालून उभी होती. तिची एकूण लांबी सुमारे १५५ किलोमीटर, म्हणजे जवळपास मुंबई ते पुणे. त्यातली सुमारे ४३ किलोमीटर दोन बर्लिनच्या मधून, भर वस्तीतून जात होती. उरलेली ११२ किलोमीटर पश्चिम बर्लिन आणि त्याच्या भोवतालची पूर्व जर्मनीची शेतं, जंगलं, तळी यांच्यामधून फिरली होती.

म्हणजे कुंपणाच्या आत होतं पश्चिम बर्लिन, पण कैद झाली होती ती कुंपणाबाहेरच्यांची. आतला माणूस विमानाने, रेल्वेने, मोटारीने जगात कुठेही जाऊ शकत होता. बाहेरच्या माणसाला आत पाऊल टाकायची मनाई होती, आणि प्रयत्न केला तर गोळी. हे कोडं उलगडलं की भिंत कळते. आणि त्या भिंतीच्या पट्ट्यात अठ्ठावीस वर्षं अडकून पडलेलं ब्रँडेनबर्ग गेट, म्हणजे बर्लिनची जुनी दगडी वेस, जर्मनांच्या एकीची खूण कसं झालं, तेही कळतं.

एका देशाच्या पोटात दुसरं शहर

युरोपातलं दुसरं महायुद्ध मे १९४५ मध्ये संपलं. जिंकलेल्या चौघांनी, म्हणजे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघाने, जर्मनीचे चार वाटे केले. बर्लिन हे शहर सोव्हिएत वाट्याच्या पार आत, पश्चिमेच्या हद्दीपासून दीडशेहून जास्त किलोमीटरवर. पण ती राजधानी होती, त्यामुळे शहराचेही वेगळे चार वाटे पडले. तोवर चौघांत सख्य होतं. ते लवकरच संपलं. मे १९४९ मध्ये तीन पाश्चात्त्य वाटे मिळून पश्चिम जर्मनी झाली, ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत वाट्याची पूर्व जर्मनी झाली. शहरातही तीन वाट्यांचं पश्चिम बर्लिन आणि एका वाट्याचं पूर्व बर्लिन अशी विभागणी झाली.

पश्चिम बर्लिन कसं होतं, हे समजायला आपल्याकडचं एक उदाहरण उपयोगी पडेल. १९५४ पर्यंत दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांकडे होती आणि तिच्या चहूबाजूंना भारत होता. दमणहून तिथे जायचं तर भारताच्या हद्दीतूनच जावं लागे. पश्चिम बर्लिनची गत तीच, फक्त आकार मुंबईहून थोडा लहान आणि वस्ती वीस लाखांच्या वर.

अशा जागेचा गळा आवळणं सोपं असतं. जून १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद करून ते करून पाहिलं. तेव्हा अमेरिका आणि ब्रिटनने जवळजवळ अकरा महिने सगळं शहर विमानांनी पोसलं. अडीच लाखांहून जास्त फेऱ्या, वीस लाख टनांहून जास्त माल, आणि त्यातला मोठा भाग चक्क कोळसा. विमानातून कोळशाची पोती आणून लोकांच्या घरातल्या शेगड्या पेटत्या ठेवायच्या, ही कल्पनाच अचाट आहे. मे १९४९ मध्ये नाकेबंदी उठली.

या फाळणीचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस मानववंशशास्त्र शिकायला बर्लिनला गेल्या होत्या. विद्यापीठाची मुख्य इमारत उंटर डेन लिंडेन या रस्त्यावर, ब्रँडेनबर्ग गेटपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. त्यांची संशोधन संस्था शहराच्या नैर्ऋत्येला, डालेममध्ये. इरावतीबाईंच्या काळात ही एकाच शहरातली दोन ठिकाणं होती. युद्धानंतर विद्यापीठ सोव्हिएत वाट्यात गेलं, डालेम अमेरिकन वाट्यात. उंटर डेन लिंडेनवरच्या विद्यापीठातली राजकीय दडपणूक असह्य झालेल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी १९४८ मध्ये त्याच डालेममध्ये नवं विद्यापीठ काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मुक्त विद्यापीठ’.

लोकल पकडा आणि देश सोडा

आता मुद्द्याची गोष्ट. पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधली लांबलचक हद्द १९५२ मध्येच काटेरी तारा आणि पहारे लावून बंद झाली होती. उघडी राहिली होती ती फक्त बर्लिनमधली हद्द, कारण शहरावर चौघांचा सामाईक हक्क होता. शहरातल्या लोकल आणि भुयारी गाड्या दोन्हीकडे धावत होत्या. पूर्व बर्लिनमध्ये राहायचं आणि कामाला पश्चिमेला जायचं, असं करणारी माणसं हजारोंनी होती. सिनेमाला, आजीकडे, बाजाराला लोक सहज पलीकडे जात. अधूनमधून पोलीस पिशव्या तपासत, एवढंच.

ज्याला कायमचं जायचं असेल त्याने एक लहान पिशवी घ्यायची, लोकलचं तिकीट काढायचं, चार स्टेशनं पुढे उतरायचं आणि निर्वासित छावणीत नाव नोंदवायचं. पुढे विमानाने पश्चिम जर्मनीत. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे सत्तावीस लाख माणसं पूर्व जर्मनी सोडून गेली. देशाची लोकसंख्या अवघी पावणेदोन कोटींच्या आसपास. जाणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे पंचवीस वर्षांच्या आतले. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, कुशल कामगार जात होते. एखाद्या गावचा दवाखाना सोमवारी उघडायचाच नाही, कारण डॉक्टर सहकुटुंब रविवारीच गेलेला असायचा. एकट्या जुलै १९६१ मध्ये तीस हजार लोक गेले.

का जात होते? पश्चिमेची दुकानं भरलेली होती हे एक कारण खरं. पण केवळ चंगळीसाठी गेले असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. शेतकऱ्यांच्या जमिनी सामुदायिक शेतीत ओढल्या जात होत्या, वेगळं मत मांडणारा तुरुंगात जात होता, पोराला पुढचं शिक्षण मिळेल की नाही हे बापाच्या राजकारणावर ठरत होतं. १७ जून १९५३ ला कामगार रस्त्यावर उतरले, तेव्हा सोव्हिएत रणगाड्यांनी तो उठाव चिरडला. त्या दिवशी ब्रँडेनबर्ग गेटच्या माथ्यावरचा लाल झेंडा काही तरुणांनी वर चढून खाली खेचला होता. गेटच्या पश्चिमेकडच्या हमरस्त्याला आजही ‘१७ जूनचा रस्ता’ असंच नाव आहे.

१५ जून १९६१ ला पूर्व जर्मनीचे नेते वाल्टर उल्ब्रिख्त पत्रकारांसमोर म्हणाले, ‘भिंत बांधण्याचा कुणाचाही इरादा नाही.’ त्याला दोन महिनेही झाले नाहीत तोच, १३ ऑगस्टच्या रात्री, शनिवार उलटून रविवार लागताना, सैनिक आणि पोलीस हद्दीवर उभे राहिले. रस्त्यांचे फरसबंद दगड उखडले, खांब रोवले, काटेरी तारा ओढल्या. सुट्टीचा दिवस मुद्दाम निवडला होता. सकाळी उठलेल्या बर्लिनकरांना कळलं, की लोकल बंद आहेत आणि समोरच्या फुटपाथवर जायला मनाई आहे. टेलिफोनचा तर प्रश्नच नव्हता, दोन बर्लिनमधल्या तारा १९५२ मध्येच तोडल्या होत्या, त्या पुन्हा जोडल्या गेल्या १९७१ मध्ये. पाठोपाठ तारांच्या जागी विटा आणि काँक्रीटचे ठोकळे आले.

पूर्व जर्मन सरकार तिला ‘फॅसिझमविरोधी संरक्षक तट’ म्हणत असे. संरक्षण बाहेरच्या शत्रूपासून, असा दावा. पण तटाचे अडथळे कुठल्या बाजूला लावले आहेत ते पाहिलं, की तो कुणासाठी आहे हे लगेच समजतं. हे सगळे अडथळे पूर्वेकडून पळणाऱ्याच्या वाटेत होते.

भिंत म्हणजे एक भिंत नव्हे

बर्नाउअर श्ट्रासे नावाचा एक रस्ता आहे. तिथली घरं पूर्वेत, पण घरांच्या दाराबाहेरचा फुटपाथ पश्चिमेत. पहिल्या आठवड्यात लोक पुढच्या दाराने सरळ निघून गेले. मग दारं बंद केली गेली. लोक तळमजल्याच्या खिडक्यांतून उतरले. मग त्या खिडक्या विटांनी बुजवल्या. मग लोक वरच्या मजल्यांवरून उड्या मारू लागले आणि खाली पश्चिम बर्लिनचे अग्निशमन जवान झोळी धरून उभे राहू लागले. २२ ऑगस्टला एका ५८ वर्षांच्या बाईने आधी गाद्या-उशा खाली टाकल्या आणि मग स्वतः उडी घेतली. जवान झोळी पसरेपर्यंत ती थांबली नाही. त्या सीमेवर गेलेला तो पहिला जीव. दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस होता. नंतर ती घरं रिकामी करून पाडली, आणि पुढल्या बाजूच्या भिंती तेवढ्या हद्द म्हणून उभ्या ठेवल्या. त्याच रस्त्यावर पट्ट्यात सापडलेलं एक चर्चही सरकारने जानेवारी १९८५ मध्ये सुरुंग लावून उडवून दिलं.

पश्चिमेकडून जी रंगवलेली, चित्रांनी भरलेली भिंत फोटोत दिसते, ती या साऱ्या व्यवस्थेचा शेवटचा पदर होता. पूर्वेकडून येणाऱ्याला आधी एक आतली भिंत लागायची. ती ओलांडली की हात लागताच घंटा वाजवणारं तारेचं कुंपण, मग पहाऱ्याचे मनोरे, रात्रभर जळणाऱ्या दिव्यांची रांग, गस्तीची वाट, पावलं उमटावीत म्हणून रोज फणी फिरवून ठेवलेली वाळू, गाडी अडकावी म्हणून खणलेला चर. आणि मग ती पुढची भिंत. शेवटच्या काळात ती घडीव काँक्रीटच्या तुकड्यांची होती: प्रत्येक तुकडा ३.६ मीटर उंच, १.२ मीटर रुंद, अडीच टनांहून जड, तळाशी पायासारखा वळवलेला. माथ्यावर जाड गोल नळी बसवलेली, म्हणजे उडी मारून धरायला गेलं तर बोटांना पकड मिळू नये. मधल्या मोकळ्या पट्ट्याला लोक ‘मृत्यूपट्टा’ म्हणत.

या नळीचाच विचार मला जास्त अस्वस्थ करतो. बंदूक तर सैनिकाच्या हातात असते, तो कदाचित नेम चुकवेल, त्याला कदाचित दया येईल. पण कुणीतरी टेबलाशी बसून, शांतपणे, माणसाच्या बोटांचा विचार करून ती नळी आखली होती.

किमान १४० माणसं या भिंतीवर मेली. १७ ऑगस्ट १९६२ ला पेटर फेख्टर हा अठरा वर्षांचा गवंडीकाम करणारा मुलगा गोळी लागून पट्ट्यात पडला आणि सुमारे तासभर ओरडत राहिला. दोन्हीकडचे लोक ऐकत होते, कुणीच पुढे गेलं नाही. पाच हजारांहून जास्त लोक मात्र निसटले. कुणी गटारांतून, कुणी मोटारींच्या चोरकप्प्यांतून गेले, आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये एका भुयारातून दोन रात्रींत ५७ जण.

जमिनीखाली आणखी एक वेगळंच दृश्य होतं. पश्चिम बर्लिनच्या दोन भुयारी मार्गांचा आणि एका लोकल मार्गाचा मधला टप्पा पूर्व बर्लिनच्या पोटातून जात होता. गाड्या बंद केल्या नाहीत, फक्त मधल्या स्टेशनांवर त्या थांबत नसत. ‘पश्चिम बर्लिनमधलं शेवटचं स्टेशन’ अशी घोषणा व्हायची आणि मग गाडी मंद दिव्यांच्या ओस फलाटांवरून हळू पुढे सरकायची. फलाटावर बंदुकधारी पहारेकरी. वर रस्त्यावर जिने बुजवलेले. बर्लिनकर त्यांना ‘भुतांची स्टेशनं’ म्हणत. असलं एक स्टेशन बरोबर ब्रँडेनबर्ग गेटपाशी, जमिनीखाली होतं.

आणि नाती? १९६३ च्या नाताळात पहिल्यांदा पश्चिम बर्लिनकरांना एका दिवसाचा परवाना घेऊन पूर्वेकडच्या नातेवाइकांना भेटायची मुभा मिळाली. थंडीत तासन्‌तास रांगा लावून लोकांनी परवाने घेतले, आणि जेमतेम अडीच आठवड्यांत बारा लाख भेटी झाल्या. पूर्वेकडच्या म्हाताऱ्यांना, पेन्शन लागलेल्यांना, १९६४ पासून पश्चिमेला भेटीला जाऊ देत. काम करायच्या वयाची माणसं जायला नकोत, म्हातारी परत आली नाहीत तरी चालेल, असा त्यामागचा हिशेब. फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनात निरोपाची एक काचेची इमारत होती. तिथून पाहुणे पश्चिमेला परत जात. लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘अश्रूंचा महाल’.

वेस: ज्याच्या हाती सत्ता, त्याची

आता गेटकडे वळू. गेट म्हणजे मुळात शहराची वेस. अठराव्या शतकात बर्लिनभोवती एक तट होता, पण तो लढाईचा नव्हता. तो जकातीचा तट होता. शहरात येणाऱ्या मालावर कर घ्यायचा, म्हणजे आपल्या जुन्या जकात नाक्यासारखं काम. त्याचं दुसरंही काम होतं: फौजेतले शिपाई पळून जाऊ नयेत म्हणून त्यांना आत अडवून ठेवणं. म्हणजे बर्लिनमध्ये माणसांना जाऊ न देणारी भिंत १९६१ मध्ये पहिल्यांदा आली, असं नाही.

या तटातल्या एका वेशीच्या जागी प्रशिया या त्या वेळच्या जर्मन राज्याचा राजा दुसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने १७८८ ते १७९१ मध्ये भव्य दरवाजा बांधवून घेतला. वास्तुकार कार्ल गोटहार्ड लांगहान्स, नमुना अथेन्सच्या टेकडीवरच्या प्राचीन प्रवेशद्वाराचा. बारा खांब, पाच वाटा, उंची सुमारे २६ मीटर. मधली रुंद वाट राजघराण्यासाठी राखून ठेवलेली, सामान्यांनी बाजूच्या वाटांनी जायचं. १७९३ मध्ये माथ्यावर योहान गोटफ्रीड शाडोव या शिल्पकाराचा चार घोड्यांचा रथ बसला, रथात पंख असलेली देवी. रथाचं तोंड पूर्वेला, शहराच्या आत.

पुढची दीडशे वर्षं गेट जिंकणाऱ्याचं होतं. २७ ऑक्टोबर १८०६ ला नेपोलियन त्याखालून शहरात शिरला आणि रथ खोलून, पेट्यांत भरून पॅरिसला घेऊन गेला. बर्लिनकरांनी त्याला ‘घोडेचोर’ म्हणायला सुरुवात केली. १८१४ मध्ये नेपोलियन हरला, घोडे परत आले, आणि देवीच्या हातातल्या काठीवर लोखंडी क्रॉस आणि प्रशियाचा गरुड चढला. १८७१ मध्ये फ्रान्सला हरवून आलेली फौज याच गेटखालून मिरवत गेली. जर्मनी पहिल्यांदा एक देश झाली ती त्याच वर्षी. ३० जानेवारी १९३३ च्या रात्री, हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला त्या दिवशी, नाझींच्या मशाली याच पाच वाटांमधून वाहत गेल्या. आणि १९४५ मध्ये गोळ्यांनी चाळण झालेल्या गेटवर सोव्हिएत झेंडा लागला. मूळ रथातल्या घोड्यांपैकी फक्त एका घोड्याचं डोकं उरलं. ते आज बर्लिनच्या एका संग्रहालयात आहे.

हे सगळं सांगितलं, कारण अनेक लेखांत गेट हे जणू जन्मापासून एकतेचं प्रतीक होतं असं लिहिलेलं असतं. ते खरं नाही. तो राजाचा दिमाख होता, मग प्रशियाचा विजय, मग नाझींचा रंगमंच. सगळ्यांचं गेट ते कधीच नव्हतं. ते सगळ्यांचं झालं, ते त्यातून जायची सगळ्यांनाच बंदी झाली तेव्हा.

त्याआधी १९५० च्या दशकात एक विलक्षण गोष्ट घडली होती. एकमेकांना मान्यताही न देणाऱ्या दोन्ही बर्लिनने मिळून गेट दुरुस्त केलं. दगडी काम पूर्वेने केलं. रथ पश्चिमेने केला, कारण युद्धाच्या धामधुमीत १९४२ मध्ये घेऊन ठेवलेले रथाचे प्लास्टरचे साचे पश्चिमेकडे होते. १९५८ मध्ये रथ तयार होऊन पूर्वेच्या ताब्यात आला. तो वर चढवण्याआधी पूर्वेच्या अधिकाऱ्यांनी क्रॉस आणि गरुड कापून काढले. तरीही, त्या दशकात दोघांनी हात लावून पूर्ण केलेली ही एक वस्तू शहराच्या मधोमध उभी राहिली. पश्चिमेत लोक त्याच सुमारास गेटचं चित्र असलेले बिल्ले कोटावर लावू लागले होते, वाक्य एकच: ‘गेट उघडा.’

भिंत आली तेव्हा हद्द गेटच्या अगदी पश्चिमेला लागून होती, म्हणून भिंतीने तिथे पश्चिमेकडे वळसा घेतला आणि गेट आतल्या पट्ट्यात राहिलं. पलीकडच्या पारिझर प्लाट्स या चौकातल्या युद्धात मोडलेल्या इमारती काढून टाकल्या गेल्या. ओसाड मैदान आणि मधे एकटं गेट. पश्चिमेचा माणूस लाकडी मचाणावर चढून ते पाहायचा. पूर्वेचा माणूस उंटर डेन लिंडेनवर अडथळ्यापाशी उभा राहून लांबून पाहायचा. दोघांना ते दिसत होतं, दोघांनाही त्याखालून जाता येत नव्हतं. जून १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ते पाहायला आले, तर पूर्वेने खांबांच्या मधल्या वाटांत लाल कापडं ताणून ठेवली, पलीकडचं काही दिसूच नये म्हणून. गंमत पाहा, गेटचा मान मात्र पूर्वेलाही हवा होता. १९७१ च्या पूर्व जर्मन पाच मार्कांच्या नाण्यावर हेच गेट आहे.

पश्चिम बर्लिनचे महापौर आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रिशार्ड फॉन वाइत्झेकर यांचं एक वाक्य जर्मनीत सर्वांच्या तोंडी आहे: ‘जोवर ब्रँडेनबर्ग गेट बंद आहे, तोवर जर्मनीचा प्रश्न उघडा आहे.’ १९८७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी गेटकडे पाठ करून सोव्हिएत नेते गोर्बाचेव्हना ‘हे गेट उघडा, ही भिंत पाडा’ असं आवाहन केलं, ते याच अर्थाने.

गेटवरची माणसं आणि बंद राहिलेलं गेट

१९८९ मध्ये घडलं ते मुख्यतः पूर्वेकडच्या सामान्य माणसांनी घडवलं. सप्टेंबरमध्ये हंगेरीने आपली ऑस्ट्रियाकडची हद्द उघडली आणि पूर्व जर्मन कुटुंबं तिकडून निसटू लागली. जे मागे राहिले ते रस्त्यावर आले. ९ ऑक्टोबरला लाइपझिगमध्ये सत्तर हजार लोक हातात मेणबत्त्या घेऊन चालले. गोळीबार होईल असं सगळ्यांना वाटत होतं, तरी चालले. घोषणा होती ‘आम्हीच जनता’. नंतर तिच्यात एक शब्द बदलला आणि ती झाली ‘आम्ही एकच जनता’.

९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की यांनी पत्रकार परिषदेत प्रवासाचे नवे नियम वाचले. नियम दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचे होते, त्यासाठी अर्ज करावा लागणार होता. हे त्यांना नीट कुणी सांगितलं नव्हतं. ‘कधीपासून?’ असं विचारल्यावर त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, ‘माझ्या माहितीप्रमाणे... आत्तापासून, ताबडतोब.’ टीव्हीवर हे ऐकून लोक नाक्यांवर जमले. बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या पुलावर हारल्ड येगर या अधिकाऱ्याने वरिष्ठांना पुन्हा पुन्हा फोन केले, नीट आदेश मिळाला नाही. समोर हजारो माणसं. साडेअकराच्या सुमारास त्याने फाटक उघडलं. गोळी झाडण्याचा पर्याय त्याच्याही हातात होता. तो त्याने वापरला नाही, याबद्दल मला त्या माणसाविषयी मनापासून आदर वाटतो.

त्या रात्रीचं सगळ्यांना माहीत असलेलं दृश्य म्हणजे ब्रँडेनबर्ग गेटसमोर भिंतीवर उभी असलेली, नाचणारी गर्दी. साडेतीन मीटर उंच आणि नळी बसवलेल्या भिंतीवर इतकी माणसं उभी कशी राहिली? कारण गेटसमोरचा तेवढा तुकडा वेगळा होता. रणगाडे अडवायला बांधलेला, बुटका आणि माथ्यावर सुमारे तीन मीटर रुंद. आणि दुसरी गोष्ट, त्या रात्री गेट उघडलंच नव्हतं. तिथे नाकाच नव्हता. जगाने भिंत पडताना पाहिली ती जिथे, तिथून अधिकृतपणे पलीकडे जायला आणखी सहा आठवडे लागले. २२ डिसेंबर १९८९ ला, पावसात, पश्चिमेचे चॅन्सेलर हेल्मुट कोल आणि पूर्वेचे पंतप्रधान हान्स मोड्रो एकत्र आले आणि वाट मोकळी झाली.

भिंत एका रात्रीत पडलीही नाही. लोक छिन्नी-हातोडे घेऊन तिचे टवके काढत होते. त्यांना नाव पडलं ‘भिंतीचे सुतारपक्षी’. सरकारी यंत्रांनी पाडायला सुरुवात झाली ती जून १९९० मध्ये, बर्नाउअर श्ट्रासेवर. ३ ऑक्टोबर १९९० ला दोन्ही जर्मनी एक झाल्या. १९९१ मध्ये रथाची दुरुस्ती झाली आणि कापलेला क्रॉस व गरुड परत चढले. ते परत यावेत का, यावर वाद झाला. माझ्या मते तो वाद योग्यच होता, कारण ती प्रशियाच्या फौजेची खूण आहे, एकीची नव्हे. संसद आणि सरकार बॉनहून बर्लिनला हलवायचं की नाही, हा निर्णय संसदेत अवघ्या अठरा मतांनी लागला, ३३८ विरुद्ध ३२०.

एकी कागदावर झाली, रोजच्या जगण्यात ती हळू आली. पूर्वेतले कारखाने भराभर बंद पडले, लाखोंची कामं गेली, आणि ‘डोक्यातली भिंत’ हा शब्दप्रयोग जर्मन बोलण्यात रुळला. शहरात फिरताना तिच्या खुणा अजून सापडतात. पश्चिम बर्लिनने १९६७ मध्ये ट्राम मोडीत काढली, पूर्वेने ठेवली, म्हणून आजही ट्रामचं जाळं मुख्यतः पूर्वेकडेच आहे.

जर्मनीत पाडलेल्या दहा, वीस आणि पन्नास सेंटच्या युरो नाण्यांवर ब्रँडेनबर्ग गेट आहे. बर्लिनला जाणार असाल तर असं एखादं नाणं खिशात ठेवा आणि गेटखालून पश्चिमेला चाला. थोड्याच पावलांवर डांबरी रस्त्यात बसवलेली फरसबंद दगडांची दुहेरी ओळ दिसेल. भिंत होती ती इथे. ओळ गेटला वळसा घालून पुढे जाते आणि तिच्यावरून सायकली, टॅक्सी, शाळेच्या सहलीची पोरं अखंड ये-जा करत असतात. गेटच्या पूर्वेला जिना उतरलात की ते जुनं ‘भुतांचं स्टेशन’ लागतं. २००९ पासून त्याचं नाव ‘ब्रँडेनबर्ग गेट’ आहे, आणि तिथे सगळ्या गाड्या थांबतात.